शिव्या वाचायच्या कोणी?

२०२४ सालची आषाढी एकादशी १७ जुलैला होती. तिच्या आदल्या संध्याकाळी मी साबुदाण्याच्या खिचडीवर एक छोटा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून रोजच्या ताटातल्या वनस्पतींविषयी असे व्हिडिओ करण्याचा मला छंद आहे, आणि एरवी ते पाहणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी, काही शेतकरी आणि स्वयंपाकात रस असलेली मंडळी एवढेच लोक असतात. त्या व्हिडिओतली माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल अशी होती. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. १४९२ नंतर युरोपीय जहाजांतून ही पिके जगभर पसरली आणि आपल्याकडे ती मुख्यतः पोर्तुगीजांबरोबर आली. त्यातही साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातल्या पिठापासून होई आणि बाहेरून येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही आयात अडल्यावर तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. 'खिचडीतले तूप तेवढे आपले' असे मी हसत म्हटले होते, आणि शेवटी हेही सांगितले होते की मी स्वतः एकादशी करते, खिचडी आवडीने खाते आणि परक्या मुलखातून आलेल्या पिकांना आपल्या माणसांनी थेट उपवासाच्या ताटात जागा दिली याचे मला कौतुक वाटते.

हा शेवटचा भाग कोणीतरी कापला. उरलेला तुकडा दुसऱ्या एका समाजमाध्यमावर 'वारीच्या दिवशी उपवासाची टिंगल' अशा मथळ्याखाली फिरू लागला आणि एकादशीच्या दुपारपर्यंत तो माझ्या मूळ व्हिडिओपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी पाहिला होता. तिथून लोक माझ्या चॅनेलवर येऊ लागले.

आलेल्या मजकुराचे प्रकार मला आज शांतपणे सांगता येतात, कारण पुढे त्याची वर्गवारी करणे हाच माझ्या बचावाचा एक भाग ठरला. काही जण खरोखर दुखावलेले होते. 'आमची आजी आयुष्यभर हा उपवास करत आली, तिला तुम्ही मूर्ख म्हणता का?' असे विचारणाऱ्या माणसाला मी ट्रोल म्हणणार नाही. त्याने तुकडाच पाहिला होता आणि त्यावरून त्याला राग येणे स्वाभाविक होते. काही जण वाद घालायला आले होते, पण मुद्द्यावर होते. उरलेल्यांना मात्र साबुदाण्याशी काही कर्तव्य नव्हते. एका गटाने माझ्या आडनावावरून मला एका जातीत बसवून त्या जातीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर दुसऱ्या गटाने त्याच आडनावावरून मला नेमक्या विरुद्ध टोकाच्या जातीत घालून तेवढ्याच जोमाने तेच काम केले. आपल्याकडची अनेक आडनावे अनेक जातींत आढळतात याचा पत्ता दोन्ही गटांना नव्हता. कपाळावर टिकली का नाही, नवरा हिला घरात कसा ठेवतो, या वयात कॅमेऱ्यासमोर कशाला यायचे, अशी एक मोठी रांग होती, आणि तिच्या पुढे जे होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. पुरुष सहकाऱ्यांच्या व्हिडिओंखालची भांडणेही मी पाहिली आहेत. तिथे माणसाला गाढव म्हणतात. बाईच्या बाबतीत मात्र वाद तिसऱ्या वाक्यालाच तिच्या शरीरावर येतो.

पहिले काही दिवस मी उत्तरे देत होते. शिक्षकाची सवय अशी की वर्गात हात वर झाला की उत्तर द्यायचेच. दुखावलेल्या माणसांना दिलेल्या उत्तरांचा उपयोगही झाला. आजीविषयी लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला आणि आपली प्रतिक्रिया स्वतःहून काढून टाकली. शिवीगाळ करणाऱ्यांना दिलेले प्रत्येक उत्तर मात्र त्या शिवीला वर आणून ठेवत होते, कारण ज्या प्रतिक्रियेखाली बोलणे वाढते ती अधिक लोकांना दिसते. मी संदर्भ देत होते आणि त्या संदर्भाखाली नव्या शिव्या येत होत्या. लोकांची करमणूक चालली आहे आणि तिचा खर्च मी सोसते आहे, हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. इंटरनेटवर हेतुपुरस्सर छळ करणाऱ्यांच्या स्वभावाचा अभ्यास कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केला होता. दुसऱ्याला त्रास देण्यात मिळणारा आनंद या प्रवृत्तीशी ट्रोलिंगच्या आवडीचा सर्वांत घट्ट संबंध त्यांना आढळला. अशा माणसाला टॅपिओकाचे शास्त्रीय नाव सांगून काय मिळणार होते?

एव्हाना शरीराने आपले म्हणणे मांडायला सुरुवात केली होती. फोन टेबलावर थरथरला की छातीत धडधड सुरू होई. रात्री दोनला जाग येई आणि डोळे उघडण्याआधी हात उशाशी ठेवलेल्या फोनकडे जाई. जेवताना घास तोंडात फिरत राही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गोळीची मात्रा वाढवली आणि 'बाई, तो फोन काही दिवस कपाटात ठेवा' असे सांगितले. मला विशेष चीड आली ती स्वतःच्या मनाच्या हिशेबाची. शंभर चांगल्या प्रतिक्रिया वाचून विसरून जाणारे मन एक घाणेरडे वाक्य अक्षरशः पाठ करून ठेवत होते. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मानसशास्त्रातल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन हेच मांडले होते, की वाईट अनुभवाचा ठसा चांगल्यापेक्षा अधिक खोल आणि अधिक काळ टिकणारा असतो. हे वाचून धडधड कमी झाली नाही, पण ती माझ्या एकटीच्या दुबळेपणामुळे होत नाही एवढे कळले, आणि तेही थोडे नव्हते.

या काळात मला सर्वांत जास्त वेळा मिळालेला सल्ला म्हणजे 'दुर्लक्ष कर'. नवरा म्हणाला, मैत्रिणी म्हणाल्या, शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तर हत्ती आणि कुत्र्यांची म्हण ऐकवली. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्या सल्ल्यात एक मोठी खोट आहे आणि ती मला लवकरच दिसली. श्रावणाच्या तोंडावर एका बनावट नावाच्या खात्यावरून आमच्या घराच्या फाटकाचे छायाचित्र टाकले गेले. खाली कॉलनीचे नाव, घराचा क्रमांक आणि 'खिचडी खाऊ घालायला येतोय' एवढेच शब्द होते. मी शहाण्यासारखी दुर्लक्ष करत बसले असते तर हे मला कळलेच नसते. शेकडो शिव्यांच्या ढिगात एखादी खरी धमकी असू शकते, आणि ती शोधायची तर ढीग कोणाला तरी उपसावाच लागतो. वाचले तर झोप जाते आणि न वाचले तर धोका कळत नाही, अशी ती अडचण होती.

ती सोडवली माझ्या भाचीने. ती पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. फाटकाचे छायाचित्र पाहून ती म्हणाली, "मावशी, हे कोणीतरी वाचलंच पाहिजे हे खरं, पण ते तूच वाचलं पाहिजेस असं कुठे आहे? फोन दे इकडे." तिने माझ्या फोनवरून सगळी समाजमाध्यमे काढून टाकली, चॅनेलच्या व्यवस्थापनाचे अधिकार स्वतःच्या खात्याला जोडून घेतले, पासवर्ड बदलले आणि प्रत्येक खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली. त्यानंतर आलेला मजकूर ती वाचणार, आणि माझ्यापर्यंत फक्त दोन प्रकारच्या गोष्टी पोहोचणार असे ठरले: खरा प्रश्न किंवा आक्षेप असलेली प्रतिक्रिया आणि ज्यावर काही कृती करणे भाग आहे असा मजकूर. बाकीच्यांची ती नोंद ठेवणार होती, पण मला सांगणार नव्हती. मी विचारले तरी सांगणार नव्हती, ही अट तिने मुद्दाम घातली, आणि मी किती वेळा विचारले हे आठवले तर ती अट किती गरजेची होती ते पटते.

गाळणी लावण्याचे काम आम्ही दोघींनी मिळून केले. यूट्यूबवर विशिष्ट शब्द असलेल्या प्रतिक्रिया प्रसिद्ध होण्याआधी अडवून ठेवण्याची सोय आहे, पण त्यासाठी ते शब्द आपणच लिहून द्यावे लागतात. आयुष्यभर तोंडातून न काढलेल्या शब्दांची यादी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वहीत केली, आणि एका अर्थाने ते वर्गीकरणशास्त्राचेच काम होते. देवनागरीत एका शिवीची ऱ्हस्व-दीर्घाची चार रूपे होतात. तीच शिवी रोमन लिपीत लिहिली की प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. मग मध्ये टिंब घालणारे, तारका घालणारे, अक्षराच्या जागी आकडा घालणारे आणि सगळी अक्षरे सुटी सुटी लिहिणारे. इंग्रजीतली शिवी ज्या सहजतेने यंत्राला ओळखता येते तशी मराठीतली अजून येत नाही, याचा अनुभव त्या वहीने दिला. उलट बाजूची अडचणही होती. 'शेण खा' हा वाक्प्रचार आवडीने वापरणारे बरेच असल्यामुळे आम्ही 'शेण' हा शब्द यादीत घातला, आणि दुसऱ्याच दिवशी टॅपिओकाला शेण खत किती घालावे असे विचारणारा एक भला शेतकरी अडकून पडला. त्याला सोडवून उत्तर दिले आणि 'शेण' यादीतून काढले.

पुरावा जपण्याविषयी सविस्तर लिहिते, कारण नेमके त्यात माणसे घाईत चुकतात. घाण दिसली की ती पुसून टाकावीशी वाटते. पण तक्रार करायची असेल तर आधी ती जपून ठेवावी लागते. भाचीने प्रत्येक धमकीचा आणि अश्लील मजकुराचा स्क्रीनशॉट घेतला, त्यात खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल याची काळजी घेतली, त्या नोंदीचा आणि त्या खात्याचा पूर्ण वेबपत्ता वेगळा उतरवून ठेवला, कारण खात्याचे दिसणारे नाव केव्हाही बदलता येते पण पत्त्यावरून माग काढता येतो. पडद्याचे चित्रीकरणही करून ठेवले. मूळ फाइली जशाच्या तशा एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवल्या, त्या कोणाला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा डिजिटल पुरावा न्यायालयात मांडायचा तर त्यासोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते, हे आम्हाला एका वकील स्नेह्यांनी सांगितले. हे सगळे झाल्यावरच त्या खात्यांना बंदी घातली.

दरम्यान माझ्या चेहऱ्याचा वापर करून जुळवलेले एक अश्लील चित्र त्या दुसऱ्या समाजमाध्यमावर आले. मी ते पाहिले नाही. भाचीने वर्णन एका वाक्यात सांगितले आणि मी तेवढ्यावर थांबले. तिथल्या नेहमीच्या तक्रार-बटणावरून केलेल्या तक्रारीला 'आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही' असे यंत्राने लिहिलेले उत्तर आले. पण बटण हा तक्रारीचा एकमेव मार्ग नव्हे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार प्रत्येक समाजमाध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्या वेळी लागू असलेल्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायचा होता, आणि जुळवलेल्या अश्लील चित्रासारखा मजकूर असेल तर तो हटवण्यासाठी २४ तासांत पावले उचलायची होती. आम्ही त्या अधिकाऱ्याला नियमाचा उल्लेख करून, वेबपत्ते जोडून, भावना बाजूला ठेवून एक कोरडे पत्र लिहिले. चित्र उतरले. उतरले नसते तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाण्याची सोय होती. तो मसुदाही भाचीने तयार ठेवला होता.

पोलिसांकडे जायचे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याला प्रकरण वाढेल अशी भीती होती, मला घराच्या पत्त्याची. शेवटी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या विभागात तक्रार नोंदवली आणि तिची छापील प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. १९३० हा क्रमांक आम्हाला अनेकांनी सुचवला होता, पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. नवे कायदे नुकतेच लागू झाले होते, त्यामुळे ठाण्यात जुनी कलमे आणि नवी कलमे शेजारी शेजारी लिहिलेला तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवला होता आणि तिथल्या महिला हवालदार त्यावर बोट फिरवत, शब्दांनी स्त्रीच्या विनयाचा अपमान म्हणजे पूर्वीचे ५०९ आणि आता भारतीय न्याय संहितेचे ७९, नाव लपवून दिलेली धमकी म्हणजे ३५१ चे चौथे उपकलम, अशी जुळणी करत होत्या. अश्लील चित्रासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ जुनेच होते. 'बाई, तुम्ही कशाला असले व्हिडिओ टाकता?' हा प्रश्नही एका वरिष्ठांनी विचारला. मी त्यांना साबुदाण्याची गोष्ट सांगितली. ते थोडे गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बटाटासुद्धा?" त्यानंतर आमचे काम बरे चालले. नुसत्या शिव्यांच्या बाबतीत त्यांनी स्पष्टच सांगितले की त्यातल्या बऱ्याच अदखलपात्र ठरतील आणि त्यामागे धावण्यात अर्थ नाही. पत्ता आणि चित्र या दोनच गोष्टी धरून चला. हा सल्ला मला आजही योग्य वाटतो. बीटवरचे पोलीस काही रात्री आमच्या गल्लीतून फेरी मारून गेले, पत्ता टाकणारे खाते काही दिवसांत नाहीसे झाले, आणि त्यामागचा माणूस हे लिहीपर्यंत सापडलेला नाही.

रागाच्या भरात मला वाटे की या प्रत्येकाला उचलून आत टाकावे, आणि तसे करता येणारे एक कलम आपल्याकडे होतेही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ अ खाली त्रासदायक किंवा घोर अपमानास्पद मजकूर पाठवणे हाच गुन्हा होता. पण हे कलम कोणावर चालले ते महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ते आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्यातूनच श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. ते कलम आज असते तर माझ्यावर शिव्यांचा वर्षाव करणाऱ्यांपैकी कोणीतरी उपवासाची टिंगल केल्याबद्दल माझ्याच विरुद्ध ते वापरले असते, हे मला राग ओसरल्यावर कळले. टोपणनावाचेही तसेच आहे. नाव लपवण्याची सोय काढून घ्यावी असे मला त्या दिवसांत फार वाटे. पण विभावरी शिरूरकर या टोपणनावाच्या आडोशाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांवर १९३३ साली केवढे वादळ उठले होते हे आठवले की तो हट्ट मी सोडून देते. निनावीपणाने मला जेवढे छळले तेवढाच तो कोणाला तरी आडोसा देत असतो.

आप्तांचा त्रास वेगळाच. भाचीने माझ्या फोनवरून घाण हटवली, पण ती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटातून परत आत येऊ लागली. धाकट्या दिरांनी काळजीपोटी, "वहिनी, हे पाहिलंत का? किती खालच्या थराला गेलेत लोक!" असे लिहून नेमके तेच पुढे पाठवले जे मी पाहू नये म्हणून एवढी तटबंदी केली होती. माहेरच्या गटात कोणी 'विषयच असा घ्यायला नको होता' असे म्हणाले आणि त्यावर तिथे वेगळे भांडण पेटले. शेवटी मी दोन्ही गटांवर एक संदेश लिहिला: मला काही पाठवू नका, काही गंभीर दिसले तर भाचीला पाठवा, माझ्या बाजूने कोणाशी भांडू नका, मदत करायची असेल तर पूर्ण व्हिडिओ पाहून त्याखाली एखादा खरा प्रश्न विचारा. या शेवटच्या विनंतीमागे कारण होते. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, आधीच वैतागलेल्या माणसांना जर चर्चेच्या सुरुवातीला शिवराळ प्रतिक्रिया दिसल्या तर तसेच लिहिण्याचे प्रमाण, न वैतागलेल्या आणि नीट प्रतिक्रिया पाहिलेल्या माणसांच्या तुलनेत, जवळजवळ दुप्पट होते असे आढळले होते. म्हणजे वरच्या चार प्रतिक्रिया नीट असल्या तर खालच्या पुष्कळशा आपोआप नीट राहतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ते काम मनावर घेतले. एकाने टॅपिओकातल्या विषारी द्रव्याविषयी आणि ते निघून जाण्यासाठी काय करतात याविषयी विचारले, दुसरीने त्रावणकोरच्या महाराजांनी केरळात या पिकाला कसे उत्तेजन दिले ते लिहिले, आणि पाहता पाहता त्या व्हिडिओखालची हवा पालटली.

झोप मात्र लगेच परत आली नाही. फोन कपाटात असूनही मन त्याच वाक्यांभोवती फिरत राही, तेव्हा मी एका रात्री केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही सेवा निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या मुलीने मला धीर वगैरे दिला नाही. तिने विचारले की ही वाक्ये दिवसातून केव्हा सर्वांत जास्त आठवतात, आणि मी 'संध्याकाळी, दिवेलागणीनंतर' असे म्हटल्यावर तिने त्या वेळेत हाताला आणि डोळ्यांना गुंतवणारे काम ठरवून घ्यायला सांगितले. पुढे शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडे काही दिवस गेले. त्यांनी जे एक काम करायला लावले ते मला प्रथम वेडगळ वाटले: पाठ झालेली ती वाक्ये स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची आणि प्रत्येकापुढे लिहायचे की लिहिणाऱ्याला माझ्याविषयी नक्की काय ठाऊक होते. बहुतेक वाक्यांपुढे 'आडनाव' आणि 'बाई आहे' या पलीकडे काही लिहिता येईना. ज्यांना माझ्याविषयी एवढेच ठाऊक आहे त्यांचे मत मी उशाशी घेऊन झोपत होते, हे समोर कागदावर दिसल्यावर त्या वाक्यांची धार बरीच गेली. संध्याकाळच्या वेळेसाठी मी जुन्या वाळवलेल्या नमुन्यांच्या शेकडो कागदांना नव्या चिठ्ठ्या लावायचे काम काढले. ते अजून संपलेले नाही.

आता व्हिडिओ चालू आहेत, पण रीत बदलली आहे. नवा व्हिडिओ सकाळी टाकायचा, रात्री नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक प्रतिक्रिया तपासून मगच दिसू द्यायची. चित्रीकरणात घर, फाटक, रस्ता दिसू द्यायचा नाही. आणि कापून वेगळा अर्थ लावता येईल असा मुद्दा असेल तर महत्त्वाचे वाक्य शेवटी न ठेवता त्या मुद्द्याच्याच वाक्याला जोडून म्हणायचे. एका वृद्ध वारकऱ्यांनी साधा प्रश्न विचारला होता की हे सगळे बाहेरचे, तर मग पूर्वी एकादशीला लोक खात काय होते. त्यावर वरी आणि शिंगाड्याचा व्हिडिओ केला. रताळे आणि राजगिराही मूळचे अमेरिका खंडातलेच हे त्यात सांगावे लागले, पण या वेळी गलका पुष्कळच कमी झाला.

या व्यवस्थेतला एक दोष लक्षात यायला काही महिने गेले. माझी झोप परत आली तेव्हा भाचीची गेली होती. दुसऱ्याच्या नावाच्या का होईना, पण रोज घाण वाचणारे मन निर्ढावते किंवा चिडचिडे होते. ती विनाकारण मुलावर ओरडू लागली आणि ते तिच्या नवऱ्याने मला सांगितले. तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. भाची, कृषी खात्यात असलेला माझा एक विद्यार्थी आणि माझी एक मैत्रीण असे तिघे आठवड्याने आठवडा वाटून घेतात. रात्री जेवणानंतर कोणीही वाचत नाही आणि आठवडा संपला की आपला आठवडा कसा गेला ते इतरांशी फोनवर बोलायचे असा नियम आहे.

माझ्या स्वतःच्या प्रतिक्रिया वाचायला मला अजून बंदी आहे, पण मी मोकळी बसलेली नाही. आमच्याच तालुक्यातली एक तरुण मुलगी ट्रॅक्टर आणि शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीवर व्हिडिओ करते आणि तिला ज्या भाषेत लोक शहाणपण शिकवतात ती मला ओळखीची आहे. तिचे ढीग मी उपसते. तिच्या नावाने लिहिलेले मला लागत नाही. मी चष्मा लावून, वही उघडून प्रश्न, राग, शिवी, धमकी असे रकाने भरत जाते. मागच्या आठवड्यात धमकीच्या रकान्यात एक नोंद झाली. वेबपत्ता, तारीख आणि वेळ लावून ती मी तिच्या भावाकडे पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी तो तक्रारीची प्रत घेऊन ठाण्यात गेला.